विश्रामबागेतले कडुलिंब शेंड्याकडून वाळताहेत: फवारायचे, छाटायचे की थांबायचं?

सावलीवेडी
16 नोव्हेंबर, रात्री 9:12

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना कडुलिंबाची जुनी झाडं आहेत. वसाहत झाली तेव्हा इथल्याच लोकांनी लावलेली आणि घरचं पाणी घालून जगवलेली. गणपती गेल्यापासून त्यांचे शेंडे तपकिरी पडायला लागले. आता बहुतेक झाडांच्या वरच्या डहाळ्या भाजल्यासारख्या दिसताहेत. पानं गळून पडत नाहीत, वाळून तिथंच लोंबत राहतात. खालच्या फांद्या मात्र हिरव्या आहेत.

काल गल्लीतल्या लोकांची बैठक झाली. निम्म्यांचं म्हणणं, झाडं मेली आहेत, वळवाच्या वाऱ्यात गाड्यांवर पडायच्या आत तोडून घ्या. बाकीचे म्हणतात तासगावकडून द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तसा एखादा ब्लोअर मागवा आणि जालीम औषध मारून टाका. एक काका मोबाईलच्या टॉवरला दोष देतात. हा नेमका कुठला रोग आहे, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

मला ही झाडं तोडू द्यायची नाहीत, हे आधीच सांगते. पण नुसत्या हट्टानं माणसं ऐकणार नाहीत, कारण द्यावं लागेल. हे काय आहे, झाडं यातून वाचतात का, आणि आपण काय करू शकतो? सांगली-साताऱ्यात कुणी हे पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

चारभिंती
16 नोव्हेंबर, रात्री 9:40

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूलाही हेच दिसतंय. फोटो टाका. शेंड्याचा जवळून एक आणि बुंध्याचा एक.

द्राक्षवाला
16 नोव्हेंबर, रात्री 10:05

ताई, तासगावचा ब्लोअर म्हणून आमचंच नाव निघालं म्हणून लिहितो. आत्ता ब्लोअर मिळायचा नाही. ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्याकडं निघाल्यात, ढगाळ हवा आली की डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या भीतीनं सगळी यंत्रं बागेत असतात. आणि मिळाला तरी उपयोग नाही. तो ब्लोअर मांडवासाठी बनवलाय. वेल डोक्याच्या थोडी वर असते, तेवढ्या अंतरात हवेचा झोत पानाच्या खालून-वरून औषध बसवतो. चाळीस फुटी लिंबाच्या शेंड्याला ते पोचणार नाही. पोचेल ते खालच्या गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर.

आमच्याकडं बोर्डो बुरशीवरचं सगळ्यात जुनं औषध. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, झालं एक टक्का. लहान झाडाला, हाताला येईल तिथवर जरूर मारा. मोठ्याला नको.

पर्णरंध्र
17 नोव्हेंबर, सकाळी 7:25

फोटो पाहिले. मी वनस्पतीरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. फोटोवरून छातीठोक निदान करू नये, पण लक्षणं कडुलिंबाच्या शेंडेमरीची आहेत. डायबॅक म्हणतात तोच.

यात दोघांचा हात असतो. पहिला ढेकण्या. कोकणात काजूच्या मोहोरावर येतो तोच हा, टी मॉस्किटो बग, हेलोपेल्टिस अँटोनाय. तो कोवळ्या फुटीत सोंड खुपसून रस शोषतो. तिथं तपकिरी डाग पडतो, कधी डिंकाचा थेंब दिसतो आणि कोवळा शेंडा मान टाकतो. दुसरी बुरशी. 1997 मध्ये म्हैसूरच्या संशोधकांनी तिचं फोमोप्सिस अझाडिराक्टी असं नामकरण केलं. पावसाळी दमट हवेत तिचे बीजाणू पसरतात, कोवळ्या डहाळीत शिरतात आणि शेंड्याकडून खाली उतरत येतात. म्हणून पाऊस सरता सरता, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हे दृश्य ठळक होतं. तेलंगणात 2021 मध्ये हे इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं की राज्यभर लोक घाबरून गेले.

आता महत्त्वाचं. डहाळ्या वाळणं म्हणजे झाड मरणं नव्हे. जुन्या, मुळं शाबूत असलेल्या कडुलिंबाचे शेंडे जातात, पण माघ-फाल्गुनात उरलेली पानं गळून गेली की खालच्या जिवंत फांद्यांतून पालवी फुटते. आत्ता झाड मेलं म्हणून तोडणं म्हणजे त्याला पालवीची संधीच न देणं.

जिवंत आहे का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. नखानं किंवा चाकूच्या पाठीनं डहाळीची साल अलगद खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर डहाळी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर मेलेली. शेंड्याकडून खाली येत जा. हिरवं कुठं सुरू होतं ते प्रत्येक झाडावर पाहा आणि लिहून ठेवा. जानेवारीत पुन्हा पाहा. ती सीमा खाली सरकत असेल तर काळजी करा. तिथंच असेल तर थांबा.

ऊस_आणि_उन्हाळा
17 नोव्हेंबर, सकाळी 8:02

एक भाबडा प्रश्न. आपण पिकावर निंबोळी अर्क मारतो, मग लिंबालाच कीड कशी लागते?

पर्णरंध्र
17 नोव्हेंबर, सकाळी 8:30

प्रश्न भाबडा नाही, माझे विद्यार्थी दरवर्षी विचारत. निंबोळी अर्कात ज्याचं काम चालतं ते अझाडिराक्टिन सर्वांत जास्त असतं निंबोळीच्या बीमधल्या गरात. कोवळ्या फुटीत ते तेवढं नसतं. शिवाय ते मुख्यतः किडीचं खाणं आणि वाढ रोखतं, झाडात शिरलेली बुरशी थोपवत नाही.

आबांची_नात
17 नोव्हेंबर, सकाळी 9:15

टॉवरवाल्या काकांना सांगा, आमच्या गच्चीला लागून टॉवर आहे आणि खालचा शेवगा इतका जोमात आहे की शेजारीपाजारी शेंगा वाटून आम्ही दमलो. :)

शेवग्यावरून आठवलं. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा थवा बसतो. दिवसा सगळे एका जागी, रात्री पानं खायला वर. अंगाला लागले की खाज आणि गांध्या. आजी पेटता बोळा फिरवायची. साल न जाळता हे कसं करायचं?

द्राक्षवाला
17 नोव्हेंबर, सकाळी 9:50

दिवसा एकत्र बसतात हाच त्यांचा कच्चा दुवा. साबणाचं पाणी पंपात भरा आणि थव्यावर थेट मारा. खाली पडतील ते लांब दांड्याच्या झाडूनं गोळा करा, हातमोजे घाला. बोळा नको. साल जळली तर तिथून खोडकिडा शिरतो.

मिरज_जंक्शन
17 नोव्हेंबर, दुपारी 12:20

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. माझ्या दारात रेन ट्री आहे. त्याखाली गाडी लावली की सकाळी काचेवर चिकट थर, त्यावर धूळ आणि मग काळी बुरशी. वायपर चालत नाही. म्हातारी माणसं फरशीवरून घसरतात. झाडांवर प्रेम असणाऱ्यांनी या त्रासालाही नाव द्यावं. मी तोडायचा अर्ज करायच्या बेतात आहे.

कृष्णाकाठची
17 नोव्हेंबर, दुपारी 1:05

दादा, त्रास खराच आहे. पण तो चिकट थर झाडाचा नाही, किडीचा आहे. वर पिठ्या ढेकूण किंवा मावा असणार. ते रस शोषतात आणि जादाची साखर मधासारखी खाली सोडतात. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. कीड आटोक्यात आली की चिकटपणाही थांबतो.

बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांचे शत्रू हाकलतात. आधी ती रांग तोडा. छातीच्या उंचीवर बुंध्याला कापडाचा किंवा टेपचा पट्टा घट्ट न आवळता गुंडाळा आणि ग्रीस लावायचं ते पट्ट्यावर, सालीवर नाही. भिंतीला किंवा तारेला टेकणाऱ्या फांद्या असतील तर मुंग्या तिथून चढतील, त्याही बघा. उन्हाळ्यात पट्टा काढून साल मोकळी करा.

पण दुर्लक्ष करू नका हेही सांगते. मुंबईत याच पिठ्या ढेकणांनी कितीतरी मोठाले रेन ट्री वाळले. लागण वाढून फांद्या निष्पर्ण व्हायला लागल्या की झाड खोडकिड्यालाही बळी पडतं.

द्राक्षवाला
17 नोव्हेंबर, दुपारी 2:10

पिठ्या ढेकूण म्हणजे आमचा जुना शत्रू. घडात शिरला की माल गेलाच. त्याला खाणारा एक भुंगेरा आहे, क्रिप्टोलिमस. ऑस्ट्रेलियातला, भारतात 1898 मध्ये आणलेला. जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत मिळतो. एक लक्षात ठेवा, त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते, दिसायला पिठ्या ढेकणासारखीच, फक्त आकारानं मोठी आणि चपळ. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. आणि तो सोडल्यावर फवारणी बंद, नाहीतर आधी तोच मरतो.

जुनी_सांगली
17 नोव्हेंबर, सायंकाळी 6:45

यावरून 2002 आठवलं. ज्यांचा ऊस होता ते विसरणार नाहीत. लोकरी माव्याचा मोठा उद्रेक त्या जुलैत आपल्या सांगली जिल्ह्यातच आधी नोंदला गेला. पानाच्या खाली पांढरी लोकर, वर काळा थर, रानात शिरलं की कपडे पांढरे. जो तो फवारायला लागला. उंच उसात माणूस शिरत नाही, औषध आतपर्यंत पोचत नाही, आणि जे पोचतं त्यानं मित्रकीटकच आधी मरतात.

शेवटी मावा हटला तो डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींमुळे. एकाच्या रानातली डिफाच्या अळ्या असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या रानात नेऊन बांधायची, असं लोकांनी केलं. कारखान्यांनी, कृषी खात्यानं त्यांची पैदास केली. ज्यानं सारखी फवारणी केली त्याच्या रानात डिफा टिकेना.

ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे. शहरातल्या झाडांच्या बाबतीत आपण तिच्यापासून काहीच घेत नाही याचं मला वाईट वाटतं. उसाला बांध तरी असतो. गल्लीतल्या झाडाखाली शाळेची मुलं चालतात.

चारभिंती
17 नोव्हेंबर, रात्री 8:30

जुनी_सांगली, पूर्ण सहमत. दुसरं उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं. 2008 मध्ये तो कोइमतूरकडं पहिल्यांदा सापडला आणि पपईबरोबर तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर चढला. 2010 मध्ये बेंगळुरूच्या संस्थेनं त्याच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी, असेरोफॅगस पपये, परदेशातून आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली.

सगळंच आपोआप मिटतं असंही नाही. आमच्याकडच्या पांगाऱ्यांची पानं आणि कोवळे देठ गाठींनी सुजून वेडेवाकडे झाले, ते बाहेरून आलेल्या गाठमाशीमुळे. ती देशात आली 2005 च्या सुमारास. किती पांगारे त्यानंतर नीट फुलले नाहीत.

अबोली_सातारा
17 नोव्हेंबर, रात्री 9:05

गाठी म्हटलं की घाबरायला होतं. आमच्या कॉलनीतल्या सातवीणीच्या प्रत्येक पानावर फोड आहेत. करंजाच्या पानांवर तर बारीक बोटं उगवल्यासारखं दिसतं. ही झाडंही जाणार का?

पर्णरंध्र
17 नोव्हेंबर, रात्री 9:40

नाही. सातवीणीवरचे फोड सिल्ला नावाच्या रस शोषणाऱ्या बारीक किडीचे, उंबराच्या पानांवरचेही तिच्याच एका भाऊबंदाचे. करंजावरच्या बोटांसारख्या गाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याच्या, एरिओफाइड माइटच्या. पान कुरूप होतं, मोठं झाड त्यानं मरत नाही. गाठीच्या आत बसलेल्या किडीला वरून मारलेलं औषध लागतही नाही. गळालेली पानं गोळा करा, एवढं पुरे.

शहरातल्या झाडांबद्दल माझं ठाम मत असं की पानावर जे दिसतं त्यानं माणसं घाबरतात आणि बुंध्याशी जे घडतं त्याकडे बघत नाहीत. रोग न ओळखता औषध मारणं म्हणजे अंधारात गोफण फिरवणं. सावलीवेडी, तुम्ही शेंड्याचे पाच फोटो टाकलेत, बुंध्याचा एकच, आणि त्यात मला पेव्हिंग ब्लॉक अगदी सालीला भिडलेले दिसताहेत. मला शेंड्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

सावलीवेडी
17 नोव्हेंबर, रात्री 10:15

बरोबर ओळखलंत सर. रस्ता नवा झाला तेव्हा ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवले. त्याआधी गटारासाठी एका बाजूनं खणलं होतं, तेव्हा मनगटाएवढी मुळं तोडलेली मी पाहिली आहेत. आणखी एक, कोपऱ्यावरच्या झाडाखाली रोज पालापाचोळा पेटवतात. त्या बाजूची साल काळी पडून सुटली आहे.

पर्णरंध्र
18 नोव्हेंबर, सकाळी 7:10

मग तुमचा अर्धा रोग तिथंच आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. वरून काँक्रीट आलं की पाणी मुरत नाही, हवा जात नाही. एका बाजूची मुळं तोडली की तेवढा आधार आणि तेवढं पाणी गेलं. अशा उपाशी झाडावर ढेकण्या आणि बुरशी आली की ते झगडू शकत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याच कारणानं.

ब्लॉक काढताना पहार वापरू नका, मुळांना इजा होईल. हातानं काढा, माती खुरप्यानं वरवर मोकळी करा, पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते सालीला टेकू देऊ नका. हिवाळा-उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी, बुंध्याशी नाही, घेराखाली. जळलेल्या सालीचा सुटा भाग धारदार चाकूनं जिवंत सालीपर्यंत साफ करा. आणि जाळणं आजपासून बंद.

कृष्णाकाठची
18 नोव्हेंबर, सकाळी 8:20

पाण्याबद्दल एक जोड. आपल्याकडं काळी चिकण माती आहे आणि कडुलिंबाला साचलेलं पाणी मानवत नाही. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. त्या पुरात बुडालेल्या भागात काही झाडं पाणी ओसरल्यावर हिरवी दिसली आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळली. पाण्याखाली मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि वर लक्षण दिसायला वेळ लागतो. रस्ते उंच करत गेल्यानं आता पूर नसतानाही बुंध्याशी डबकं होतं. म्हणून पाणी द्यायच्या आधी बोटभर माती उकरून ओल बघा.

वैराटगड
18 नोव्हेंबर, सकाळी 11:30

सगळे झाड वाचवायचं बोलताहेत, मी थोडं उलट बोलतो. काही झाडं काढावी लागतात. आमच्या पेठेतला एक गुलमोहर वळवाच्या पावसात उन्मळून रिकाम्या टपरीवर पडला. रात्र होती म्हणून माणूस वाचला. त्याच्या बुंध्याशी दोन पावसाळे तांबूस, वार्निश लावल्यासारखी चकचकीत अळंबी उगवत होती. लहान मुलं ती तोडून खेळायची. तो गॅनोडर्मा होता. तो खोडाच्या आत आणि मुळांत लाकूड कुजवत जातो. बाहेरून पानं हिरवी, फुलं भरगच्च, आणि आत पोकळ. गुलमोहर मुळात मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ.

सावलीवेडी, तुमच्या गल्लीत तोडा म्हणणाऱ्यांना शत्रू समजू नका. त्यांना पडण्याची भीती आहे. ती भीती कुठल्या झाडाबद्दल खरी आहे हे तपासून दाखवलंत तर बाकीची झाडं वाचतील. बुंध्याशी अळंबी आहे का, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर ढोलासारखा आवाज येतो का, झाड नव्यानं कललंय का, कललेल्याच्या विरुद्ध बाजूला मातीला भेग आहे का.

सावलीवेडी
18 नोव्हेंबर, दुपारी 3:00

वैराटगड, हे मनाला लागलं. मी त्यांच्याशी भांडतच होते. आज संध्याकाळीच त्यांना बरोबर घेऊन फिरते.

मिरज_जंक्शन
18 नोव्हेंबर, सायंकाळी 5:15

बुंध्यावर मुंग्यांची जाडजूड रांग सापडली. पट्टा बांधतोय. अर्ज तूर्त बाजूला ठेवला.

कृष्णाकाठची
18 नोव्हेंबर, सायंकाळी 5:40

शाब्बास दादा. गाडी काही दिवस दुसऱ्या झाडाखाली लावा, आणि ते कुणाच्या दारातलं आहे ते आधी विचारा. :)

रानपाखरू
18 नोव्हेंबर, सायंकाळी 6:30

बांडगुळाचा विषय कुणी काढला नाही. आमच्या परसातल्या आंब्यावर बांडगूळ इतकं माजलंय की आंब्याची पानं शोधावी लागतात. घरचे म्हणतात सगळं काढा. मी थोडं राहू द्या म्हणते, कारण हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात आणि फुलटोच्या त्याची फळं खाऊन जगतो.

द्राक्षवाला
18 नोव्हेंबर, सायंकाळी 7:20

एखाददुसरा झुपका ठेवा, पण माजलेला काढा. फुलटोच्या चिकट बी फांदीला पुसतो, तिथंच नवं उगवतं. फळं पिकायच्या आधी काढा. नुसतं ओरबाडू नका, त्याचं मूळ फांदीच्या आत असतं. चिकटलेल्या जागेच्या फूटभर खालून फांदी कापा आणि कापल्यावर बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या भांड्यातच करा. झालं की विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

पर्णरंध्र
18 नोव्हेंबर, रात्री 8:00

इथं माझा आणि द्राक्षवाल्यांचा थोडा मतभेद. आंब्याला, द्राक्षाला पेस्ट लावायची शिफारस आपल्याकडं आहेच, लावा. पण पेस्ट लावली म्हणजे वाटेल तशी छाटणी चालते, हा समज घातक आहे. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ शायगो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड तिच्याभोवती आतून भिंत घालतं आणि कूज तिथंच अडवतं. ती भिंत घालायची जागा म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर कडा. तो कडा छाटून खोडाला सपाट काप घेतला तर वरून काहीही लावा, कूज आत जाणार. आणि हातभर खुंट ठेवला तरी तो वाळून बुरशीचं घर होतो.

मोठी फांदी एका कापात काढू नये, साल खालपर्यंत सोलत जाते. आधी कड्यापासून थोडं दूर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढं वरून काप म्हणजे फांदीचं वजन उतरतं, मग उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून. तारांखालच्या झाडांचे शेंडे पावसाळ्याच्या तोंडावर कोयत्यानं सपासप उडवले जातात, ते बघून जीव तुटतो. भर पावसात बुरशीसाठी शेकडो दारं उघडून ठेवायची आणि मग झाड आजारी म्हणायचं.

द्राक्षवाला
18 नोव्हेंबर, रात्री 8:25

पटलं सर. मी पेस्ट लावणार, पण काप तुमच्या पद्धतीनं.

सावलीवेडी
19 नोव्हेंबर, रात्री 9:30

काल संध्याकाळी आणि आज सकाळी गल्लीतले सगळे मिळून फिरलो, तोडा म्हणणारे काकाही होते. ज्यांची गच्ची झाडाला लागून आहे त्यांनी डहाळ्या खरवडून पाहिल्या. शेंड्यापासून हातभर ते दोन हात मेलेलं, त्याखाली बहुतेक ठिकाणी स्वच्छ हिरवं. कोवळ्या देठांवर तपकिरी डाग आहेत. काकांनी स्वतः खरवडून हिरवं पाहिलं तेव्हा ते बराच वेळ झाडाला हात लावून उभे होते.

कोपऱ्यावरचं जळकं झाड मात्र वाईट अवस्थेत आहे. जळल्या बाजूला अळंबी आहे आणि ठोकल्यावर आवाज पोकळ येतो. त्याखाली रिक्षाथांबा आहे. त्याचं काय करावं, आणि परवानगी कशी असते?

अबोली_सातारा
19 नोव्हेंबर, रात्री 10:10

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 शहरांना लागू आहे, झाड खासगी आवारात असलं तरी. वृक्ष अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करा. अर्जात 'रोगट झाडं' असं मोघम लिहू नका, नाहीतर सगळी रांग एकाच कागदात जाईल. फक्त कोपऱ्यावरचं झाड लिहा, अळंबीचे आणि जळलेल्या सालीचे फोटो लावा, खाली थांबा आहे ते लिहा आणि पाहणीची मागणी करा. सगळं झाड काढायच्या आधी फांद्या कमी करून भार हलका करता येईल का, तेही विचारा. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आहे. त्यामुळे वयाचा जो काही पुरावा जुन्या रहिवाशांकडं असेल तो आत्ताच गोळा करा.

चारभिंती
20 नोव्हेंबर, सकाळी 8:00

आणि बदली झाड लावताना पुन्हा सगळे गुलमोहर किंवा सगळे कडुलिंबच नकोत. अमेरिकेत वृक्षतज्ज्ञ सॅन्टामोर यांनी 1990 मध्ये एक साधं प्रमाण सुचवलं: शहरातल्या झाडांत एक जात दहा टक्क्यांवर नको, एक प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वीसवर नको, एक कुळ तीसवर नको. तिकडं एल्म नावाच्या झाडांच्या रांगाच्या रांगा एका रोगानं गेल्यावर आलेलं हे शहाणपण. आपल्याकडं ताम्हण, बहावा, बकुळ, करंज, वावळ, कांचन असं कितीतरी आहे.

ऊस_आणि_उन्हाळा
20 नोव्हेंबर, सकाळी 8:20

कोपऱ्यावर बकुळ लावा. रिक्षावाले दुवा देतील.

सावलीवेडी
20 नोव्हेंबर, दुपारी 1:40

सगळ्यांचे मनापासून आभार. गल्लीत ठरलं ते असं: मोठ्या झाडांवर फवारणी नाही. रविवारी सकाळी ब्लॉक काढायचे. हाताला येणाऱ्या मेलेल्या डहाळ्या छाटायच्या, बाकी पालवीची वाट बघायची. कोपऱ्यावरच्या झाडाचा अर्ज आजच दिला. टॉवरवाले काका खुरपी घेऊन येणार आहेत.

पर्णरंध्र सर, शेवटचा प्रश्न. निदान पक्कं करायला नमुना कसा घ्यायचा आणि कुठं द्यायचा?

पर्णरंध्र
20 नोव्हेंबर, दुपारी 4:15

पूर्ण वाळलेली काडी नेऊ नका, तिच्यावर वाट्टेल त्या बुरश्या असतात. जिथं मेलेलं आणि हिरवं मिळतं तिथला वीतभर तुकडा घ्या, दोन्ही भाग त्यात यायला हवेत. दोन-तीन झाडांवरून वेगवेगळे घ्या आणि प्रत्येकावर झाडाची खूण लिहा. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून कुजतं. छाटणीच्या आधी घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे, आधी फोन करून विचारा. ते पाहू शकले नाहीत तर कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारा.

रविवारी छाटताना प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. काप मेलेल्या भागाच्या दोन-तीन इंच खाली, हिरव्यात घ्या. छाटलेलं झाडाखाली ठेवू नका. आणि ढेकण्या दिसला तर त्याचा फोटो इथं टाका, सकाळी लवकर कोवळ्या फुटीवर बघा, उन्हं वर आली की तो पानांच्या आडोशाला जातो.